नदीच्या पाण्यातले जंतू: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापी, गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, तितूर, गोमाई, अनेर या नद्यांच्या काठावरून आमच्याकडे पाण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एकच गोष्ट दोनदा लिहिण्यापेक्षा जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर ५, ९ आणि १० आधी वाचा.

१. आमच्या गावाजवळ एकही कारखाना नाही. मग नदी दूषित कशी?

त्याला कारखाना लागत नाही. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातले जंतू पाण्यात उतरले की पाणी दूषित झालं. विष्ठेसोबत पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे रोगकारक येऊ शकतात. प्रत्येकाची वेगळी तपासणी खर्चाची आणि वेळखाऊ असते, म्हणून प्रयोगशाळेत कोलिफॉर्म गटातले जंतू मोजतात, आणि त्यातही ई-कोलाय. बहुतेक ई-कोलाय स्वतः आजार करत नाहीत, पण ते सापडले म्हणजे पाण्यात विष्ठा गेली आहे आणि तिच्याबरोबर बाकीचेही आले असतील.

थोडी विष्ठा किती पाणी बिघडवते, याचा हिशोब करून पाहा. ताज्या विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये एक कोटी ई-कोलाय धरू. प्रत्यक्षात याहून जास्तही असतात. आंघोळीच्या पाण्यासाठी चांगली मानलेली मर्यादा १०० मिलिलिटरला ५००, म्हणजे लिटरला ५,०००. भागाकार केला की २,००० लिटर निघतात. एक ग्रॅम विष्ठा दोन हजार लिटर स्वच्छ पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवते.

२. पानी त निवय दिखस, मंग पेवाले काय हरकत?

हरकत आहे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना रंग नाही आणि बऱ्याचदा वासही नाही. धरणातून आवर्तन सुटलं की गिरणेचं पाणी काचेसारखं दिसतं, पण ते वाटेत कोणत्या नाल्याजवळून आलं हे दिसण्यावरून कळत नाही. उलट गढूळ पाणी नेहमी जंतूंनीच भरलेलं असतं असंही नाही. पाणी निवळ असल्याचा एक फायदा मात्र खरा: त्यात क्लोरीन नीट काम करतं.

३. अहवालात एमपीएन लिहिलंय. ते काय, आणि किती आकडा चालतो?

१०० मिलिलिटर पाण्यात किती जंतू असण्याची सर्वाधिक शक्यता आहे, याचा तो अंदाज. आकडा चालतो की नाही हे पाणी कशासाठी वापरायचं यावर ठरतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय आढळताच कामा नये. नदीत सामूहिक स्नानासाठी विष्ठेतले कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत आणि २,५०० च्या वर जाऊ नयेत. जलशुद्धीकरण केंद्रात नेऊन शुद्ध करायच्या कच्च्या पाण्यात एकूण कोलिफॉर्म ५,००० पर्यंत चालतात.

अहवाल हातात आला की आधी ‘एकूण कोलिफॉर्म’ आणि ‘विष्ठेतले कोलिफॉर्म’ यांचे आकडे वेगळे करा. एकूण कोलिफॉर्ममध्ये माती आणि पालापाचोळ्यातले जंतूही धरलेले असतात. या दोन आकड्यांची गल्लत करून ग्रामसभेत भांडणं होतात.

४. केंद्राच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत आमची नदी नाही. म्हणजे ती चांगली आहे ना?

तसा अर्थ काढू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरातले ३५१ नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. तापी आणि गिरणा त्यात होत्या. पण ही यादी जंतू मोजून केलेली नसते. ती बीओडीवरून, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मैला कुजायला किती प्राणवायू लागतो यावरून ठरते, आणि बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा यादीत येतो. तो मर्यादेत असूनही जंतू हजारोंनी असू शकतात. शिवाय जिथे मंडळाचं तपासणी केंद्रच नाही, तो ओढा किंवा लहान नदी यादीत येणार तरी कशी?

५. जंतू नेमके येतात कुठून?

बहुतेक गावांना याचं उत्तर माहीत असतं, फक्त ते नदीच्या बाजूने चालत जाऊन पाहिलेलं नसतं. सगळ्यात मोठा वाटा साधारणपणे शहर-गावाच्या सांडपाण्याच्या नाल्याचा. पांझरा धुळ्यातून, बोरी अमळनेरातून, तितूर चाळीसगावातून, गोमाई शहाद्यातून वाहते, आणि वस्तीचं सांडपाणी उतारानेच जाणार. त्याखालोखाल सेफ्टी टँकचं वरचं पाणी आणि टँक उपसणाऱ्या गाडीने रात्री कुठेतरी सोडलेला मैला (प्रश्न १०). मग काठावरची गोदरी (उघड्यावर शौचाला बसायची जागा), नाल्याच्या थडीवरचे उकिरडे, पाण्यात बसणाऱ्या म्हशी, मोकाट डुकरं.

आपल्याकडे यात एक गोष्ट वेगळी आहे, आणि बाहेरून आलेले सल्ले तिथेच फसतात. बारमाही नदीत मैला पडला तर तो पाण्याबरोबर पातळ होत पुढे जातो. आपल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटायला लागतात. संक्रांतीनंतर गावाजवळच्या पात्रात जे पाणी दिसतं ते पुष्कळ ठिकाणी नदीचं उरलेलं नसतं, ते नाल्याचं असतं. ते डोहात आणि केटी वेअरच्या (कोल्हापुरी बंधाऱ्याच्या) फळ्यांमागे साचतं. त्याच डोहावर कपडे धुतले जातात, तिथेच गुरं पाणी पितात, पोरं पोहतात. थोडा मैला असला तरी पातळ करायला पाणी नाही, म्हणून इथे ‘आमचा नाला लहान आहे’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. आणि म्हणूनच आमचं सगळ्यांना एकच सांगणं असतं: नदीत उतरून साफसफाई करण्याआधी नदीला मिळणारं प्रत्येक तोंड शोधा आणि तिथे काम करा. पात्रातली जलपर्णी काढल्याचा फोटो चांगला येतो, पण नाला सुरू असेल तर जंतूंचा आकडा हलत नाही.

६. पहिला पूर आला की सगळं धुऊन जातं ना?

पहिल्या पावसाचं पाणी वर्षातलं सगळ्यात वाईट पाणी असतं. आठ महिने गटारीत, उकिरड्यावर, गोदरीत, पात्रात साचलेलं सगळं एकदम उतरतं. डोहाच्या गाळात जंतू आठवडेच्या आठवडे तग धरतात, आणि पुराने गाळ ढवळला की पुन्हा पाण्यात येतात. मृगातल्या पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत नदीचं पाणी घरात आणू नका आणि पात्रातल्या विहिरीचं क्लोरीन रोज तपासा (प्रश्न १७). पुढे सलग पूर आले की आकडे उतरतात, पण पाऊस उघडून नाला पुन्हा एकटा वाहू लागला की परत चढतात.

७. नमुना कसा घ्यायचा? बिसलेरीच्या बाटलीत चालेल का?

नाही. बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली घ्यावी लागते. जिल्हा आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जैविक तपासणी होते. बाटली मागताना ‘जैविक’ हा शब्द आवर्जून सांगा, रासायनिक नमुन्याची बाटली वेगळी असते. नळाचं किंवा क्लोरीन घातलेलं पाणी घ्यायचं असेल तर तेही आधीच सांगा. त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते क्लोरीन मारतं, नाहीतर बाटलीतच जंतू मरत राहतात आणि अहवाल खोटा चांगला येतो.

नदीवर हे असं करायचं: प्रवाहाच्या मध्याजवळ, जिथे पाणी हलतं आहे तिथे उभे राहा. तुमच्या पायाने ढवळलेला गाळ खालच्या अंगाला जाऊ द्या आणि बाटली वरच्या अंगाला धरा. झाकण काढा, पण आतल्या बाजूला बोट लावू नका आणि ते खाली ठेवू नका. बाटली नदीच्या पाण्याने विसळू नका. ही सवय सगळ्यांना असते आणि इथेच बहुतेक नमुने वाया जातात. बाटलीचं तोंड खाली करून हातभर खोल न्या, मग तोंड प्रवाहाकडे वळवा. भरताना वर थोडी मोकळी जागा ठेवा. झाकण लावून लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा, पण बर्फाचं वितळलेलं पाणी झाकणापाशी पोचता कामा नये. चिठ्ठीवर ठिकाण, वेळ, तारीख आणि गेल्या दोन दिवसांत पाऊस झाला का, हे पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई ओली होऊन पसरते. नमुना सहा तासांत प्रयोगशाळेत पोचला तर उत्तम, चोवीस तासांनंतर तो देऊच नका. जळगावला पोचवायचा असेल तर रविवारच्या आदल्या दिवशी घेऊ नका.

८. ग्रामपंचायतीत मिळते ती काळी होणारी छोटी बाटली भरवशाची आहे का?

ती एच-टू-एस बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या सुरुवातीला ही पद्धत तयार झाली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचं. पाणी काळं झालं तर ते पिऊ नये. पिण्याच्या पाण्याची पहिली चाळणी म्हणून ती चांगली आहे, शाळेतली मुलंही करू शकतात. नदीसाठी मात्र ती निरुपयोगी, कारण नदीच्या पाण्याने ती जवळपास नेहमीच काळी होणार, आणि किती जंतू आहेत हे ती सांगत नाही. काही बोअरवेलच्या पाण्यात मुळातच गंधकाचा वास असतो, तिथेही ती फसवू शकते. तिथे प्रयोगशाळेचाच अहवाल धरा.

९. शहरात एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) झाला आहे, आता खालच्या गावांचा प्रश्न सुटला असं समजायचं का?

इथे टक्केवारी फसवते. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरला विष्ठेतले कोलिफॉर्म एक कोटीपर्यंत असू शकतात. समजा प्रक्रियेने ९९ टक्के गेले. उरले एक लाख. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ते १,००० च्या आत हवेत. म्हणजे ‘९९ टक्के शुद्ध’ पाणी मर्यादेच्या शंभरपट! सांडपाण्यातला मैला, फेस, वास कमी करणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामासाठी शेवटी क्लोरीन, अतिनील किरण किंवा अशीच काही निर्जंतुकीकरणाची पायरी लागते, आणि ती रोज चालू असावी लागते.

म्हणून तुमच्या नगरपालिकेला विचारायचे प्रश्न असे. शहरातल्या किती नाल्यांचं पाणी केंद्रापर्यंत पोचतं? वीज गेली की येणारं सांडपाणी कुठे वळतं? शेवटची निर्जंतुकीकरणाची पायरी आहे का, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या कोलिफॉर्मचा मागच्या महिन्याचा आकडा काय? यंत्रणा किती क्षमतेची आहे, या आकड्यावरच थांबू नका. क्षमता मोठी आणि नाले न जोडलेले, ही अवस्था पुष्कळ ठिकाणी असते.

लहान गावांनी मोठ्या यंत्रांच्या मागे लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्थिरीकरण तळी किंवा नागपूरच्या नीरी संस्थेच्या फायटोरिडसारखी वनस्पतींची गाळणी कमी विजेवर चालते. तळ्यांत पाणी पुरेसे दिवस उन्हात राहिलं तर जंतू खूपच कमी होतात, आणि ऊन ही आपल्याकडे कमी नसलेली एकमेव गोष्ट. जागा मात्र लागते, आणि गाळ काढणारा माणूस.

१०. आमच्याकडे सेफ्टी टँक आहे. मग आमचा मैला नदीत जातच नाही ना?

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. टँक मैल्याचा जड भाग खाली बसवतो, एवढंच. वरच्या पाईपातून जे पाणी निघतं ते दिसायला पातळ असतं, पण जंतू त्यात लाखोंनी असतात. ते शोषखड्ड्यात जिरायला हवं. ते गटारीला जोडलं असेल तर तुमचं शौचालय नदीतच उघडतं, मधे फक्त एक टाकी आहे.

खानदेशात जमीन पाहून शोषखड्डा करावा लागतो. तापीकाठच्या खोल काळ्या मातीत पाणी जिरत नाही, पावसाळ्यात खड्डा वर येतो, आणि मग लोक कंटाळून पाईप गटारीत सोडतात. तिथे एका खोल खड्ड्याऐवजी खडी भरलेले लांब, उथळ चर करा. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेर पट्ट्यात, उलट अडचण: गोटे-वाळूच्या थरातून पाणी इतक्या झपाट्याने खाली जातं की गाळण होतच नाही. तिथे, आणि भेगाळ काळ्या पाषाणाच्या भागातही, विहिरीपासून १५ मीटर हे किमान अंतर अपुरं पडू शकतं. जमेल तितकं लांब जा आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला खड्डा घ्या.

टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर गाळच बाहेर पडू लागतो. उपसणाऱ्या गाडीवाल्याला एकच प्रश्न विचारा: ‘भाऊ, कुठे खाली करता?’ मैला प्रक्रिया केंद्रावर नेत असेल तर दोन पैसे जास्त द्या. एक गाडी रात्री नाल्यात रिकामी झाली की अख्ख्या वस्तीने वर्षभर पाळलेली शिस्त तिथेच संपते. ग्रामपंचायतीला ठराव करून गाड्यांची नोंद ठेवता येते, आणि हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

११. दोन खड्ड्यांच्या शौचालयातही हीच अडचण येते का?

कमी. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं आणि पहिला किमान एक वर्ष, शक्यतो दोन, बंद ठेवायचा. तेवढ्यात त्यातलं खत कोरडं आणि हाताळण्याजोगं होतं. दोन्ही खड्डे एकाच वेळी सुरू ठेवले तर हा सगळा फायदा जातो, आणि नव्या बांधकामात तीच चूक सर्रास दिसते. विहिरीपासूनच्या अंतरासाठी प्रश्न १० पाहा.

१२. गुरं नदीवर नेणं बंद करायचं का? पोळ्याला बैल कुठे धुवायचे?

बैल धुवा, त्यात वावगं काही नाही. पोळ्याच्या वेळी नदीला पाणी वाहतं असतं आणि तो वर्षातला एक दिवस आहे. फक्त पाणवठ्याच्या आणि पात्रातल्या विहिरीच्या खालच्या अंगाला धुवा. खरी काळजी रोजची आहे: उन्हाळ्यात आटलेल्या डोहात म्हशी तासन्‌तास बसतात आणि पाण्यातच शेण-मूत होतं. काठापासून थोडं वर हौद बांधून तिथे पाणी पाजलं तर गुरं पात्रात कमी उतरतात. हौदाला सावली असेल तर ती तिथेच थांबतात, म्हणून हौद झाडाखाली बांधा. कालवडी-वासरांची जागा पाण्यापासून सगळ्यात लांब ठेवा. वासरांच्या शेणातून माणसाला लागणारे जंतू जास्त येतात.

१३. शेतात मेंढ्या बसवतो. त्याचं काय?

मेंढ्या बसवणं जमिनीसाठी चांगलंच आहे, आणि ठेलारी बांधवांचं त्यावर पोट आहे. वाडा नाल्यापासून आणि विहिरीपासून लांब घाला, मधे बांध किंवा गवताचा पट्टा राहू द्या, आणि कळप हलला की लेंड्या वखरून मातीत मिसळा. पाऊस तोंडावर असताना नदीच्या उताराच्या शेतात बसवू नका.

१४. उकिरडा हलवायला जागाच नाही.

हलवता येत नसेल तर वरून येणारं पावसाचं पाणी चर मारून वळवा आणि खालच्या बाजूला हातभर उंचीचा मातीचा बांध घाला. नुसतं साठवलेलं शेण आणि कुजवलेलं खत यात फरक आहे: ढीग ओलसर ठेवून वरखाली केला तर आत ५५ अंशांच्या वर तापतो आणि तो तापमानाचा काळ काही दिवस टिकला की बहुतेक रोगजंतू मरतात. ढिगात हात घालवत नसेल इतकं गरम झालं पाहिजे.

१५. कानबाई, गणपती, दशक्रिया, रक्षाविसर्जन यांमुळे जंतू वाढतात का?

या यादीतल्या बहुतेक गोष्टींचा जंतूंशी थोडाच संबंध आहे. कानबाईच्या नारळाने किंवा मातीच्या मूर्तीने कोलिफॉर्म वाढत नाहीत. राख तर आगीतून आलेली असते, तिच्यात आतड्यातले जंतू उरत नाहीत. रंग, प्लास्टर आणि प्लास्टिक हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे, पण तो रसायनांचा आणि कचऱ्याचा. निर्माल्य आणि पिंडाचं अन्न पाण्यात कुजतं, त्याने बीओडी वाढतो (प्रश्न ४). जंतू वाढतात ते जमलेल्या गर्दीसाठी शौचालयं नसल्यामुळे. यात्रा भरते तिथे, प्रकाशा असो, मुडावद असो वा अमळनेरला बोरीचं पात्र असो, फिरती शौचालयं आणि त्यांचा मैला नेण्याची सोय ही पहिली गरज आहे. भाविकांच्या श्रद्धेकडे बोट दाखवून नाल्याकडे डोळेझाक करू नये.

१६. बाजारात नदी स्वच्छ करणारं जिवाणू कल्चर मिळतं. नाल्यात टाकू का? नाहीतर थेट टीसीएल (ब्लीचिंग पावडर)?

कल्चरने वास आणि गाळ काहीसा कमी होऊ शकतो. आजाराचे जंतू त्याने मर्यादेत येतील हा भरवसा धरू नका. विक्रेत्याकडे आधीच्या आणि नंतरच्या कोलिफॉर्मचे, वेगळ्या प्रयोगशाळेचे अहवाल मागा. टीसीएल वाहत्या नदीत टाकणं तर चुकीचंच. मैल्याने भरलेल्या पाण्यात क्लोरीन लगेच खर्ची पडतं, मासे मरतात, आणि तासाभरात नाल्याचं नवं पाणी येतं.

१७. आमची पाणीपुरवठ्याची विहीर गिरणेच्या पात्रातच आहे. टीसीएल किती टाकायची?

आधी विहिरीतलं पाणी मोजा. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८,००० लिटर होतात. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर या विहिरीला सुमारे १४० ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत सोडा. अर्धा तास थांबल्याशिवाय पाणी सोडू नका.

हा आकडा सुरुवातीचा आहे. शेवटचा निकाल ओटी टेस्ट देते: गावातल्या सर्वांत लांबच्या नळाला पिवळा रंग आला पाहिजे आणि उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असलं पाहिजे. उघड्या पोत्यातली, दमट झालेली टीसीएल निम्मीही काम करत नाही. पोतं कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवा.

पात्रातल्या विहिरीचं खरं संरक्षण तिच्याभोवतालची वाळू करते. वाळूच्या थरातून झिरपताना बरेच जंतू अडकतात, म्हणूनच जुन्या बाया नदीत झिरा खणून पाणी भरायच्या. वाळू उपसली की ही गाळणी जाते आणि डोहाचं पाणी जवळजवळ थेट विहिरीत येतं. विहिरीच्या आसपास वाळू उपसू न देणं हे पाणीपुरवठ्याचंच काम आहे, आणि ग्रामपंचायतीने ते तसंच मांडावं.

१८. पुराचं पाणी विहिरीत शिरलं. आता?

ते पाणी पूर्ण उपसा, गाळ काढा, कठडा आणि आतली भिंत घासा. मग नेहमीपेक्षा बरीच जास्त टीसीएल टाकून रात्रभर ठेवा, ते पाणीही उपसून टाका आणि त्यानंतर प्रश्न १७ प्रमाणे रोजची मात्रा सुरू करा. नमुना तपासून येईपर्यंत घरी पाणी उकळा: खळखळ उकळी येऊन एक मिनिट पुरे. तुरटीने पाणी निवळतं, पण तेवढ्याने जंतू मरत नाहीत.

१९. नाल्याच्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर घेतो. गिऱ्हाईक तर मिळतं.

तुमच्याकडे दुसरं पाणी नसेल हे आम्ही समजतो. मग पीक बदला: त्या पाण्यावर कापूस, मका, चारा किंवा शिजवून खायचं पीक घ्या. कोथिंबीर, कांद्याची पात, काकडी, मुळा या कच्च्या खायच्या गोष्टी नको. भाजी घ्यावीच लागली तर पाणी पानांवर उडणार नाही असं सरीने किंवा ठिबकने द्या, आणि काढणीच्या आधीचे शेवटचे काही दिवस विहिरीचं पाणी द्या. उन्हात पानांवरचे जंतू बऱ्यापैकी कमी होतात. भाजी नाल्यावर धुऊन बाजारात नेऊ नका. सगळं केलेलं तिथे वाया जातं. पाणी देताना पायात बूट घाला.

२०. घाण तर वरच्या गावांची येते. खाली राहून आम्ही काय करणार?

आधी ती खरंच वरून येते का ते पाहा. गिरणेकाठच्या लोकांचं बोट लगेच मालेगावकडे जातं. पण मालेगावच्या खाली गिरणा धरण आहे. धरणात पाणी अनेक दिवस थांबतं, गाळ बसतो, ऊन लागतं, आणि आतड्यातले जंतू मोठ्या प्रमाणात मरतात. भडगाव, पाचोरा, जळगावजवळ जे जंतू सापडतात, त्यातले बहुतेक धरणाच्या खालीच पात्रात उतरलेले असणार. (रसायनं आणि मीठ यांना हा नियम लागू नाही, ती धरणातून पुढे येतात.)

शोधायची पद्धत सोपी आहे. गावाच्या शिवेवर जिथे नदी आत येते तिथे एक नमुना, प्रत्येक नाला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक, आणि नदी शिव सोडते तिथे एक. सगळे एकाच सकाळी. एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर. कोरड्या दिवशी आकडा उडी मारत असेल तर तिथे सांडपाण्याचा पाईप आहे; फक्त पावसानंतर उडी मारत असेल तर उकिरडे, गोदरी, वाडे. एकट्या नमुन्यावरून कुणावर आरोप करू नका, जंतूंचा आकडा एका दिवसात दहापटीने हलतो.

पांझरेवरच्या फड पद्धतीत वरच्या शेताने खालच्याचा हक्क धरून पाणी सोडायचं आणि पाटकऱ्याने त्यावर नजर ठेवायची, ही रीत शेकडो वर्षं चालली. पाण्याच्या वाटणीसाठी जे जमलं ते पाण्याच्या स्वच्छतेसाठी का जमू नये? आपल्या खालीही लोक आहेत: तापी पुढे उकाईत जाते आणि तेच पाणी सुरतेचं शहर पितं.

२१. तक्रार कुणाकडे करायची?

गावाच्या नाल्यासाठी ग्रामपंचायत आणि पंचायत समिती, शहराच्या सांडपाण्यासाठी नगरपालिका किंवा महापालिका. ते थेट नदीत सोडलं जात असेल तर १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे लेखी द्या. जागेचा नकाशा, तारखेसह फोटो आणि प्रश्न २० मधले जोडनमुन्यांचे अहवाल लावा. मंडळ तापी-गिरणेवर स्वतःही नमुने घेतं, त्या नोंदी मागवता येतात.

२२. विहिरीचा अहवाल चांगला, टाकीचा चांगला, तरी गावात कावीळ. असं कसं?

बहुतेक वेळा उत्तर पाईपात असतं. आपल्या बऱ्याच गावांना आणि शहरांनाही चार-आठ दिवसांआड पाणी येतं. पाणी बंद असताना पाईप रिकामा होतो, आतला दाब जातो, आणि पाईप गटारीतून किंवा तिच्या शेजारून गेला असेल तर भेगेतून गटारीचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी नळाला पहिलं जे येतं ते हेच. घरात नळाला मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून नमुना घ्यायचा तर टाकीवर नाही, पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत गटारीजवळच्या नळाचा घ्या. सुरुवातीचं पाणी पिण्याला भरू नका.

दुसरं कारण असं की काविळीचे विषाणू क्लोरीनला कोलिफॉर्मपेक्षा चिवट असतात, त्यामुळे कोलिफॉर्म शून्य असूनही ते पाण्यात राहू शकतात. अशा वेळी अहवालाची वाट न बघता पाणी उकळायला सांगा, एकाच गल्लीत रुग्ण जास्त आहेत का ते आशाताईंकडून समजून घ्या, आणि त्या गल्लीतली पाईपलाईन उकरून पाहा.